घरी धुतलेल्या कलर रोलचे रंग फिके का येतात? निगेटिव्ह फेकून देण्याआधी या गोष्टी तपासा

रोल संपला. तो घरीच, बाथरूममध्ये धुतला. टँक उघडला तेव्हा निगेटिव्हवर चित्रं उमटलेली दिसली आणि हायसं वाटलं. स्कॅन केल्यावर मात्र लाल साडी विटकरी दिसली, झाडं राखाडी आणि आभाळ मळकं. सगळ्या फोटोंवर कुणी धुळीचा पडदा टाकावा तसं.

फिल्म कॅमेरे पुन्हा हातात आल्यापासून रोल घरी धुणाऱ्यांचीही संख्या वाढली आहे, आणि त्यांच्याकडून हमखास ऐकू येणारी तक्रार हीच: ‘चित्र आलं, पण रंग आले नाहीत.’ रोल परत काढता येत नाही. त्यातलं लग्न, बारसं, आजीचं घर हे सगळं एकदाच घडलेलं असतं. म्हणूनच नेमकं काय बिघडलं हे ओळखणं महत्त्वाचं आहे. यातले काही बिघाड कायमचे असतात, तर काही महिन्याभरानेही दुरुस्त होतात.

थोडक्यात उत्तर

- डेव्हलपरमध्ये झालेली चूक नंतर भरून निघत नाही.
- ब्लीच किंवा फिक्सरमध्ये राहिलेली कमतरता बहुतेक वेळा भरून काढता येते.
- अनेकदा निगेटिव्ह ठीक असते, चूक स्कॅनिंगमध्ये असते.

आता एकेक मुद्दा सविस्तर पाहू.

निगेटिव्हमध्ये रंग येतो कुठून?

बाजारात मिळणारी बहुतेक कलर निगेटिव्ह फिल्म ‘सी-४१’ या पद्धतीने धुतली जाते. कोडॅकने ही पद्धत १९७२ मध्ये आणली. पुढे इतर कंपन्यांनीही तीच स्वीकारली, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा रोल एकाच रसायनात धुता येतो.

फिल्मवर मुख्यतः तीन थर असतात. वरचा निळ्या प्रकाशाची नोंद घेतो, मधला हिरव्या आणि सगळ्यात खालचा लाल प्रकाशाची. प्रत्येक थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात आणि त्यांच्यासोबत ‘कपलर’ नावाचे पदार्थ असतात. डेव्हलपर प्रकाश लागलेल्या कणांचं काळ्या चांदीत रूपांतर करतो. हे करताना तो स्वतः ऑक्सिडाइझ होतो आणि शेजारच्या कपलरशी जोडला जाऊन रंग तयार करतो. वरच्या थरात पिवळा, मधल्या थरात मॅजेंटा आणि खालच्या थरात सायन.

म्हणजे या टप्प्यावर फिल्मवर दोन चित्रं असतात, एक रंगाचं आणि त्याच जागी एक काळ्या चांदीचं. चांदीचं काम आता संपलेलं असतं, म्हणून ती काढून टाकायची असते. ब्लीच चांदीला पुन्हा क्षारात बदलतो आणि फिक्सर तो क्षार विरघळवून बाहेर काढतो. घरगुती किटमध्ये बहुधा ही दोन्ही कामं एकाच द्रावणाकडे असतात. त्यालाच ब्लिक्स म्हणतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रंग फक्त डेव्हलपरमध्ये तयार होतो. ब्लिक्स रंग देत नाही, रंगावर बसलेली चांदी हटवतो. पुढचं सगळं निदान या एका वाक्यावर उभं आहे.

पहिली तपासणी: स्कॅन बाजूला ठेवा, निगेटिव्ह उजेडात धरा

मोबाइलवर पांढरी स्क्रीन लावा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि निगेटिव्ह स्क्रीनपासून थोडी वर धरा. जवळ नीट धुतलेली एखादी जुनी कलर निगेटिव्ह असेल तर तीही शेजारी ठेवा. आता तीन जागा पाहा.

१. कडेचे आकडे आणि अक्षरं. फ्रेमचे नंबर आणि फिल्मचं नाव कारखान्यातच प्रकाशाने छापलेलं असतं. ते तुमच्या डेव्हलपरमध्येच उमटतं. तुम्ही फोटो कसा काढला याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे हे आकडे डेव्हलपरच्या तब्येतीची खूण ठरतात.

२. रोलची सुरुवातीची जीभ. कॅमेऱ्यात रोल भरताना या तुकड्याला भरपूर उजेड लागलेला असतो. तो गडद, जवळजवळ अपारदर्शक दिसायला हवा.

३. दोन फ्रेममधली रिकामी पट्टी. ती स्वच्छ, पारदर्शक नारिंगी हवी. हा नारिंगी रंग म्हणजे दोष नव्हे. रंगद्रव्यांमधली उणीव भरून काढण्यासाठी तो मुद्दाम ठेवलेला असतो.

आता तुमच्या निगेटिव्हची लक्षणं खालीलपैकी कशाशी जुळतात ते पाहा.

लक्षण १: निगेटिव्ह छान दिसते, स्कॅनच फिका

आकडे ठळक आहेत, पट्टी स्वच्छ नारिंगी आहे आणि चित्रात गडद-फिका फरक व्यवस्थित आहे. अशा वेळी रसायनांना दोष देऊ नका.

नारिंगी निगेटिव्ह नुसती उलटी करून भागत नाही. आधी त्या नारिंगी झाकेचा हिशोब करावा लागतो आणि मग लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे ताणून बसवावे लागतात. मोबाइल अॅपमध्ये फक्त ‘इन्व्हर्ट’ केलं तर निळसर, मळकट चित्रच मिळतं. कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो घेत असाल तर रॉ फाइल घ्या, आजूबाजूचा उजेड बंद करा आणि मागचा दिवा चांगल्या प्रतीचा वापरा. स्वस्त एलईडीमध्ये काही रंग मुळातच अपुरे असतात.

आणखी एक शक्यता आहे. सिनेमाची फिल्म छोट्या डबीत भरून विकली जाते, ती तुम्ही वापरली असेल. ही फिल्म ‘ईसीएन-२’ या वेगळ्या पद्धतीसाठी बनलेली असते. त्या पद्धतीने नीट धुतली तरी ती मुळात कमी कॉन्ट्रास्टची असते, कारण पुढे रंग बसवायला वाव हवा असतो. तीच सी-४१ मध्ये धुतली तर डेव्हलपरमधलं मुख्य रसायन वेगळं असल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो आणि रंग सरकतात. डबीवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

लक्षण २: चित्र पातळ आणि कडेचे आकडेही फिके

हा डेव्हलपरचा दोष आहे. रंग पुरेसे तयारच झालेले नाहीत. कारणं साधारण चार असतात.

तापमान. सी-४१ चा डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसवर ३ मिनिटं १५ सेकंद चालवायचा असतो. लॅबसाठी या तापमानात पाव अंशाचाही फरक चालत नाही. घरी आपण एवढे काटेकोर राहू शकत नाही, पण दोन-तीन अंश घसरले तर परिणाम दिसतोच. डेव्हलपरला वरच्या थरातून झिरपत खालच्या थरापर्यंत पोहोचायचं असतं. वेळ किंवा उष्णता कमी पडली की खालचा थर जास्त मागे राहतो. मग रंग नुसते फिके होत नाहीत, तर सावलीत एक झाक आणि उजेडात दुसरी असं होतं. स्कॅनिंगमध्ये एक बरोबर करायला गेलं की दुसरं बिघडतं.

नेहमीची चूक अशी की बाटलीतलं तापमान मोजलं जातं, टँकचं नाही. थंडीत पुणे-नाशिककडे सकाळी टँक आणि आतली फिल्म गारठलेली असते. त्यात ३८ अंशांचा डेव्हलपर ओतला की तो लगेच खाली येतो. म्हणून रोल भरलेला बंद टँक आधी पाच मिनिटं कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा. उन्हाळ्यात विदर्भात अडचण उलटी असते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी याहून गरम येऊ शकतं, तेव्हा रात्री किंवा पहाटे धुणं सोपं.

थर्मामीटर. स्वयंपाकघरातला थर्मामीटर एक-दोन अंश चुकीचा असू शकतो. तपासण्याची सोपी युक्ती अशी: ३७.८ सेल्सिअस म्हणजे बरोबर १०० फॅरनहाइट, आपल्या भाषेत बारीक ताप. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात अचूक असतो. त्याचं टोक आणि दुसऱ्या थर्मामीटरचं टोक एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात बुडवा आणि फरक किती येतो ते लिहून ठेवा.

थकलेला डेव्हलपर. हवा लागली की डेव्हलपर खराब होतो. ताजा असताना तो फिका असतो, बिघडत गेला की काळ्या चहासारखा गडद होतो. अर्धी भरलेली बाटली दोन महिने कपाटात पडून असेल तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. एका किटमध्ये किती रोल धुता येतात आणि प्रत्येक रोलनंतर वेळ किती वाढवायचा, हे किटसोबतच्या कागदावर दिलेलं असतं. तो आकडा गाठल्यावर ‘अजून एक निघेल’ म्हणणं महागात पडतं.

भेसळ. ब्लिक्सचे थोडे थेंबही डेव्हलपर नासवायला पुरेसे असतात. दोन्हींसाठी एकच नरसाळं न धुता वापरणं किंवा झाकणांची अदलाबदल करणं, एवढ्यानेही हे होतं.

दुरुस्ती होते का? रासायनिक दुरुस्ती होत नाही. रंग ज्या क्षारांपासून बनायचा, ते क्षार फिक्सरने काढून टाकलेले असतात. पुन्हा डेव्हलपरमध्ये घालून काहीच मिळणार नाही. १६ बिटमध्ये काळजीपूर्वक स्कॅन करून जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं. काही फ्रेम ब्लॅक अँड व्हाइट केल्यावर फारच चांगल्या दिसतात.

लक्षण ३: चित्र पातळ, पण कडेचे आकडे ठळक

डेव्हलपरने काम चोख केलं आहे. फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. जुन्या कॅमेऱ्यांचे मीटर चुकतात, शटर अडकतं, किंवा ४०० च्या रोलसमजुतीत २०० चा रोल वापरला जातो. कलर निगेटिव्ह जास्त प्रकाश बऱ्यापैकी पचवते, कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. सावल्या मळकट होतात, दाणे वाढतात, रंग उतरतात.

मुदत संपलेल्या रोलचंही असंच होतं. फक्त त्यात रिकामी पट्टीही जास्त गडद, धुरकट दिसते आणि आकडेही काहीसे पुसट असू शकतात. अशा रोलला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, असा प्रचलित ठोकताळा आहे. रोल फ्रिजमध्ये होता की माळ्यावर, यावरही बरंच अवलंबून असतं.

लक्षण ४: निगेटिव्ह गडद, करडी आणि रंग दबलेले

यात मात्र आशा आहे. निगेटिव्ह पातळ नाही, उलट नेहमीपेक्षा जड दिसते. स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट जास्त, दाणे खरखरीत आणि रंग अर्धवट. याचा अर्थ रंग तयार झाले आहेत, पण त्यांच्यावरची काळी चांदी पूर्ण निघालेली नाही.

सिनेमात हाच परिणाम मुद्दाम साधला जातो. त्याला ‘ब्लीच बायपास’ म्हणतात. जपानी दिग्दर्शक कोन इचिकावा यांच्या १९६० च्या ‘ओतोतो’साठी छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी तो वापरला होता. आपल्याकडे मात्र तो न मागता येतो. ब्लिक्स जुना, गार किंवा जास्त रोल धुऊन थकलेला असला, वेळ कमी दिला किंवा टँक पुरेसा हलवला नाही, की हे होतं.

खात्री कशी करायची? फ्लॅटबेड किंवा फिल्म स्कॅनरमध्ये धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय असेल तर ती चालू करून एक फ्रेम स्कॅन करा. रंगद्रव्यांतून इन्फ्रारेड आरपार जातो, चांदीतून जात नाही. चांदी उरली असेल तर स्कॅनर चित्रालाच धूळ समजतो आणि स्कॅन विचित्र, पुसट येतो. नीट धुतलेल्या कलर निगेटिव्हवर असं होत नाही.

उपाय: पुन्हा ब्लिक्स. फिल्म एकदा फिक्स झाली असल्याने हे काम भर उजेडात करता येतं.

१. आधी कमी महत्त्वाच्या फ्रेमची एकच पट्टी घ्या.
२. ती साध्या कोमट पाण्यात काही मिनिटं भिजवा.
३. ताज्या ब्लिक्समध्ये, किटवर दिलेल्या तापमानाला, पूर्ण वेळ ठेवा आणि वर थोडा जास्त द्या. ८ मिनिटं सांगितली असतील तर १० ते १२ चालतील. ब्लिक्स थोडा जास्त झाल्याने नुकसान होत नाही, कमी पडल्याने होतं.
४. वाहत्या पाण्यात नीट धुवा, शेवटचं स्टॅबिलायझर किंवा फायनल रिन्स द्या आणि धूळ नसलेल्या जागी वाळवा.
५. आधीच्या पट्ट्यांशी तुलना करा. फरक दिसला तरच उरलेला रोल घाला.

हे मी अनुभवाने सांगते. कोकणातल्या आजोळच्या घरात, गौरी-गणपतीत काढलेला माझा एक रोल असाच राखाडी आला होता. दुसऱ्या वर्षी ते घर पाडलं, त्यामुळे तो रोल परत काढणं शक्यच नव्हतं. सुदैवाने निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या. किटचा ब्लिक्स जुना होता हे लक्षात आल्यावर नवा बनवला आणि एक पट्टी त्यात घातली. वाळल्यावर स्कॅन केली तेव्हा ओटीवरचा गेरूचा रंग दिसला. तो रंग आतमध्ये होताच, फक्त झाकलेला होता.

लक्षण ५: घनता ठीक, पण उजळ भागांवर सायन झाक

पांढरे शर्ट, चेहरे, ढग निळे-हिरवे दिसतात आणि लाल रंग कमी पडतो. थकलेल्या ब्लीचमुळे सायन रंगद्रव्य पूर्ण रंगीत रूपात येत नाही, त्याचा काही भाग रंगहीन राहतो. त्याला ‘ल्युको सायन’ म्हणतात. चांगल्या, ताज्या ब्लीचमधून पुन्हा काढल्यावर हा रंग परत येऊ शकतो. म्हणजे उपाय लक्षण ४ सारखाच.

वेगळा ब्लीच असलेलं तीन बाटल्यांचं किट वापरत असाल तर ब्लीचला हवा हवी असते. वापरानंतर बाटलीत हवा ठेवून हलवली की तो काही प्रमाणात ताजातवाना होतो. डेव्हलपरचं नेमकं उलट, त्याला हवा वर्ज्य.

लक्षण ६: निगेटिव्ह दुधाळ, धुरकट

रिकामी पट्टी पारदर्शक नाही, तिच्यावर साय धरल्यासारखं दिसतं. फिक्सिंग अपुरं राहिलं आहे. ताज्या ब्लिक्समध्ये किंवा फिक्सरमध्ये पुन्हा ठेवून नीट धुवा. हे लवकर करा, कारण उरलेले क्षार उजेडात काळवंडत जातात.

जुन्या निगेटिव्हचे उडालेले रंग परत येतात का?

नाही. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवेत राहून रंगद्रव्य मोडलं असेल तर कोणतंही रसायन ते जोडत नाही. तिथे स्कॅन आणि डिजिटल दुरुस्ती हाच मार्ग. शेवटची पायरी टाळू नका, ती याचसाठी असते. जुन्या काळच्या फिल्ममध्ये फॉर्मल्डिहाइडचं स्टॅबिलायझर मॅजेंटा रंग टिकवायचं. आजच्या फिल्मना त्याची गरज नसली तरी फायनल रिन्स जिलेटिनचं बुरशी आणि जिवाणूंपासून रक्षण करतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे विसरून चालणार नाही.

पुढचा रोल धुण्याआधी १० मिनिटांची परीक्षा

महत्त्वाचा रोल टँकमध्ये घालण्याआधी रसायनांचीच परीक्षा घ्या.

- डेव्हलपर: कलर रोलच्या जिभेचा छोटा तुकडा उजेडातच ३७.८ अंशांच्या डेव्हलपरमध्ये ३ मिनिटं १५ सेकंद बुडवा. तो गडद काळा व्हायला हवा.
- फिक्सर: न धुतलेला असाच तुकडा थेट ब्लिक्समध्ये टाका. काही मिनिटांत तो स्वच्छ नारिंगी व्हायला हवा.
- ब्लीच: जुन्या, नको असलेल्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हचा तुकडा ब्लिक्समध्ये ठेवा. ब्लिक्स चांगला असेल तर त्यातली सगळी चांदी जाऊन तुकडा कोरा होतो. काळे डाग उरले तर नवा ब्लिक्स बनवा.

द्रावण बनवताना बोअरच्या जड पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं तेच चालतं. प्रत्येक बाटलीवर बनवल्याची तारीख आणि धुतलेल्या रोलची संख्या लिहा. डेव्हलपरची बाटली काठोकाठ भरलेली ठेवा.

सुरक्षिततेचं काय?

डेव्हलपरने त्वचेला अॅलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घाला. खिडकी उघडी ठेवा. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. ब्लिक्स घातल्यावर टँकमध्ये वायू साठतो, म्हणून मधूनमधून झाकण सैल करा. वापरलेल्या ब्लिक्समध्ये चांदी असते. तो विहिरीजवळ, गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये ओतू नका. बाटलीत साठवा आणि फिल्म धुणाऱ्या एखाद्या लॅबकडे तो घेतील का ते विचारा.

आणि शेवटचं

रंग फिके आले म्हणून निगेटिव्ह लगेच कचऱ्यात टाकू नका. आधी कडेचे आकडे पाहा, मग रिकामी पट्टी पाहा आणि त्यानंतर दोष कुणाचा ते ठरवा. डेव्हलपर चुकला असेल तर पुढच्या रोलला धडा मिळाला. ब्लिक्स चुकला असेल तर तुमचे रंग अजूनही फिल्ममध्येच आहेत. निगेटिव्ह कोरड्या जागी, पाकिटात ठेवा. नवा ब्लिक्स पुढच्या महिन्यातही बनवता येईल.